लाल दोरा, निळा दोरा

मावशी, आज मॅडमनी कागदावर छापलेलं एक वर्तुळ दाखवलं आणि मला तुमचे दोरे आठवले. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी आता शेडनेटमध्ये नसतो, बियाण्याच्या प्रयोगशाळेत पानं कुटतो आणि नळ्यांवर नावं लिहितो. प्रत्येक नाव दोनदा तपासतो. ते वर्तुळ म्हणजे मिरचीच्या हरितलवकाची जनुकं. पानाला हिरवं ठेवणारे हे कण फार पूर्वी स्वतंत्र जीव होते म्हणे. दुसऱ्या पेशीत राहायला आले, बरीचशी जनुकं तिच्या केंद्रकाला दिली, थोडी स्वतःपाशी ठेवली. पेशीला ताकद पुरवणाऱ्या तंतुकणिकांचंही तसंच झालं. आणि मिरचीत ही ठेवलेली जनुकं मादीकडूनच बीत उतरतात, परागातून नाही. मी म्हणालो, "हे मला माहीत आहे." मॅडमनी विचारलं, "कुठं शिकलास?" म्हटलं, देऊळगाव राजाच्या प्लॉटवर.

बारावी अर्धवट सुटल्यावर मिळालेलं ते माझं पहिलं काम: शेडनेटच्या जाळीखाली, तुमच्या हाताखाली, मादी ओळीतल्या फुलांना हातानं दुसऱ्या झाडाचा पराग लावून मिरचीचं संकरित बी तयार करायचं. त्या वर्षी उगवण पाहायला ट्रे भरले आणि माझ्या ओळीच्या बियांतून काही रोपं पांढरी आली. कागदासारखी पांढरी, आठवड्यात मान टाकणारी. सुपरवायझर माझ्यासमोर उभे आहेत. "कोणत्या झाडाचा पराग लावला बे? उद्यापासून येऊ नको." परागाच्या डबीवर मी रोज चिठ्ठी लावायचो, तरी मलाच वाटू लागलं की चूक माझ्याच हातून झाली असेल.

तुम्ही चिमटा पदराला पुसत आलात. "सायब, हा पोरगा तीनदा डबी वाचते, मंग फुलाले हात लावते. पराग नाही चुकणार याचा. आधी झाडं पाहू ना."

"मावशी, तुम्ही शास्त्रज्ञ झाल्या काय आता?"

"झाली तं झाली. खुर्ची आणा मंग मले."

बाया हसल्या. तुम्ही मात्र माझ्या मादी ओळीत शिरलात आणि ते झाड तुम्हाला सापडलं: बाकी हिरवं, एक फांदी पूर्ण पांढरी. त्या फांदीच्या कळ्या उघडून, पुंकेसर काढून तुम्ही हिरव्या झाडाचा पराग लावला, लाल दोरा बांधला. मग उलटं केलं. हिरव्या झाडाच्या कळ्यांना पांढऱ्या फांदीचा पराग, निळा दोरा. "मिरच्या पिकून बी उगवेस्तोवर हा माह्या ओळीत राहीन. हमी माही." तेवढ्यावर सुपरवायझर मानले. मी रोज दोरे पाहून यायचो. तुम्ही चिडवायचात, "सुटले काय रे? तू तं त्यायलेही दुहेरी गाठ मारशीन."

शेवटी बी पेरलं. लाल दोऱ्याची सगळी रोपं पांढरी, निळ्याची सगळी हिरवी. पांढरेपणा मादी झाडाकडूनच आला होता, परागाचा दोष नव्हताच. सुपरवायझरनी दोन्ही ट्रेंतली रोपं मोजली. "लाग बे तुझ्या ओळीवर कामाला," म्हणाले, आणि मग, "पण वेगळं झाड दिसलं की उपटायचं असते. हे कोणं ठेवलं?" सगळ्या ओळींवर शेवटची नजर तुमची असायची. "माही नजर चुकली, सायब," तुम्ही म्हणालात.

आजही काही चुकल्याची धास्ती वाटली की मी आधी दोन ट्रे भरतो, उलटसुलट, आणि थांबतो. प्रयोगशाळेत मला ठेवून घेतलं ते त्यामुळेच. हे तुमचं, मावशी.

हा कागद घडी करून नळ्यांच्या वहीत ठेवणार आहे, दुसरं कुठं पाठवणार. पण एक लिहायचं राहतंय. ते झाड वीतभर असताना मी पाहिलं होतं. पान अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, मला उपटवेना. मोडू नये म्हणून मी त्याला काठी दिली, सुतळीनं बांधली. तुम्हाला झाड सापडलं त्या दिवशी सुपरवायझर ते पाहायला आले, तेव्हा काठी नव्हती आणि सुतळी तुमच्या कमरेला खोचलेली होती, माझ्या दुहेरी गाठीसकट. ती मला दिसली. तरी तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मी गप्पच राहिलो.