राजा ताटाला तोंड लावत नाही

॥ श्री ॥
श्रीरामपूर, बंगळूर
मंगळवार, ता. १० सप्टेंबर १९६३

ती. सौ. अक्कास शालनचा शि. सा. न. वि. वि.

नवीन काय म्हणून विचारलंस. नवीन म्हणजे कुत्रा! गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत तीन घरं फुटली, आपली पितळेची घागरपण गेली. अण्णाची रात्रपाळी, घरी मी आणि वहिनी दोघीच. म्हणून कॅन्टोन्मेंटात बेवारशी जनावरं सांभाळतात तिथनं अण्णानं रविवारी हा आणला. नाव ठेवलंय राजा. राजासारखं त्याच्यात काही नाही. एक कान उभा, एक पडका. भुंकायचं सोडून नुसता सुस्कारे टाकतो. काल दूधवाला सरळ आत आला, तर हा माझ्याच मागं येऊन लपला. मग मी कुणाच्या मागं लपू?

ते एक सोड. हा जेवत नाही गं. ताट ठेवलं की समोर बसतो, लाळ गळून फरशी भिजते, पण ताटाला तोंड लावत नाही. दूध-भाकरी झाली, इडली झाली, आमटी-भात झाला. बाहेर सोडला की उकिरड्यावरचं खातो, ताटातलं तेवढं नको. फरशी पुसून पुसून माझे गुडघे गेले.

त्यात हा पितृपक्ष. शेजारच्या अंबूबाईनं बघितलं आणि वहिनीच्या डोक्यात भरवलं, की पिंडाला कावळा शिवत नाही ना, तसलंच हे, घरात कुणाची तरी इच्छा राहिलीय. झालं! वहिनीनं डोक्यावरनं पदर घेतला. आपले बाबाच आलेत म्हणते, आणि कुत्र्याला मामंजी म्हणते. हात जोडून वचनं देते. काल म्हणाली, बेळगावचं घर विकणार नाही. आज म्हणाली, शालनचं लग्न दिवाळी झाली की करतो. मी चुलीपुढं मेल्यासारखी झाले. राजालापण ते वचन पटलं नाही, ताट तसंच राहिलं, ते एक बरं.

अण्णा असलं काही मानत नाही. म्हणाला, चोर येऊन ताट उचलून नेईल आणि हा बघत बसेल. रविवारपर्यंत नीट खाल्लं नाही तर परत देणार. परत आलेल्या कुत्र्याला तिथं सुई देऊन मारतात, हेपण त्यानंच सांगितलं, आणि सांगून भात कालवायला लागला. मला त्या कुत्र्याचा भयंकर राग येतो, अक्का. पण म्हणून मारायचं का? काय करू, लगेच कळव.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, इथं सध्या ती सगळी कुत्र्याला चाललीय.

तुझी
शालन

॥ श्री ॥
बेळगाव
गुरुवार, ता. १२ सप्टेंबर १९६३

चि. शालनला अक्काचा आशीर्वाद.

हसून हसून पोट दुखलं, मग तू रुसशील म्हणून थांबले. कुत्रा वहिनीचा सासरा झाला म्हणजे तुझा बाबा झाला. पाया तरी पडतेस की नाही?

अगं पण, ज्यांच्याकडनं आणला त्यांना कुणी विचारलं का? आधी कुठं होता, काय खात होता? तू विचारणार नाहीस, मला माहीत आहे. गुरुजींनी नाव विचारलं तर पाटीवर लिहून दाखवणारी तू. तिथल्या शाळेत पोरी तुझ्या कानडीला हसल्या म्हणून आठवीतनं घरी बसलीस, ती बसलीसच. पंधराची झालीस आता. एक जीव तुझ्या तोंड उघडण्यावर आहे. बस धर, जा, विचार. स्वल्प कानडी येते तेवढी पुरे.

आणि वहिनीला म्हणावं, बाबांची इच्छा तुझ्या लग्नाची नव्हतीच. जाताना मला म्हणाले होते, शालीला मॅट्रिक करा. ते वचन देऊन बघा.

रागावलीस तरी लिही. तुझी रागाची पत्रं मोठी असतात, मला आवडतात.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
बंगळूर
सोमवार, ता. १६ सप्टेंबर १९६३

ती. सौ. अक्कास शालनचा शि. सा. न. (नमस्कार रागानं केलाय.)

तुझं पत्र शनिवारी अण्णाच्याच हातात पडलं आणि त्यानं मागचंच पान मोठ्यानं वाचलं! मॅट्रिकचं आलं आणि पत्र तसंच माझ्या हातात कोंबून तो अंघोळीला गेला. वहिनी म्हणाली, बघा, मामंजी त्यासाठीच अडून बसलेत. मी चपला घातल्या आणि अंबूबाईकडं जाते सांगून निघाले. घरात थांबण्यापेक्षा बस बरी.

दोनदा चुकीची बस धरली. तिथं कृष्णमूर्ती म्हणून म्हातारे कुत्र्यांचं बघतात. फाटकापाशी अर्धा तास उभी होते. शेवटी तेच ओरडले, काय पाहिजे म्हणून. मी म्हटलं, नायी, ऊटा, इल्ला. कुत्रा, जेवण, नाही. एवढंच सुचलं. पण त्यांना कळलं, आणि हसले नाहीत.

हा रेल्वेच्या एका रिटायर गार्डाचा कुत्रा. गार्ड एकटाच होता. ताट ठेवायचा आणि गाडी सोडल्यासारखी शिट्टी मारायचा, मगच हा तोंड लावायचा. गार्ड वारला. तिथं कृष्णमूर्ती शिट्टी मारून त्याला जेवू घालत होते. अण्णाला सांगायलाच लागले होते, पण त्याला पाळीची घाई, ऐकून घ्यायला थांबलाच नाही. आणि आठवडाभर फरशी पुसली कुणी? मी!

आता पोरीच्या जातीनं शिट्टी कशी मारायची? वहिनी जीभ हासडेल. अण्णाला सांगावं तर एकटी कॅन्टोन्मेंटात गेले ते बाहेर येतं. आणि मला येते कुठं! न्हाणीत बसून संध्याकाळभर फू फू केलं, नुसता वारा.

रविवारी दुपारी अण्णा दोरी घेऊन उभा. वहिनीनं शेवटचं म्हणून ताट वाढलं आणि हटून बसली, की आता तुम्ही वचन द्या. अण्णा ओशाळला, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, बाबा, शालीला जूनमध्ये शाळेत घालतो, मॅट्रिक करतो. मी आत दाराआड ओठ दाबून फुंकत होते. नेमकी तेव्हाच शिट्टी लागली. बारीकशी, किटलीएवढी. राजानं चार घासांत ताट रिकामं केलं.

अण्णा राजापाशी बसला आणि रडला गं. बाबा गेले तेव्हा असा रडला नव्हता. राजाच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाला, एवढंच होतं तर आधी सांगायचं की. दोरी त्यानं स्वतःच माळ्यावर टाकली.

आता मी काय करू? आज पाळी सुटल्यावर तो परस्पर शाळेत जाऊन मोठ्या बाईंना भेटून आलाय. मी दोन्ही वेळा न्हाणीत लपून शिट्टी मारते. वहिनीला वाटतं माझं पोट बिघडलंय, ओव्याचं पाणी पाजते. खरं सांगावं तर शाळा टळते, पण अण्णाचा चेहरा डोळ्यांपुढं येतो. नाही सांगावं तर परत त्या पोरींमध्ये जाऊन बसायचं. हे सगळं तुझ्या पत्रानं झालंय, तूच निस्तर.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

शालन

॥ श्री ॥
बेळगाव
गुरुवार, ता. १९ सप्टेंबर १९६३

चि. शालनला अक्काचा आशीर्वाद.

सांगू नकोस.

आणि मीपण एक सांगते, ते अण्णाच्या हाती लागू देऊ नकोस, वाचून चुलीत घाल. बाबा जाताना काही बोलले नव्हते. त्यांची वाचाच गेली होती. तुला आत येऊ दिलं नव्हतं म्हणून तुला माहीत नाही. मॅट्रिकचं मी माझ्या मनानं लिहिलं.

मला सहावीतनं काढलं आणि लग्न ठरवलं, तेव्हा मीपण तीन दिवस ताटापुढं नुसती बसून होते. तुला आठवायचं नाही, लहान होतीस. मला कुणी कसलं वचन दिलं नाही. चौथ्या दिवशी जेवले.

पोरी हसतील. हसू दे. कृष्णमूर्तींना जसं सांगितलंस तसं तीन शब्दांत सांगायचं आणि खाली बसायचं. जूनपर्यंत शिट्टी मारत राहा.

तुझ्या पुस्तकांचं मी बघते. बाकी माझी माया तुला ठाऊक आहे, ती कुणापुढं वाचायची नसते.

तुझी
अक्का