लताची परीक्षा, माझी शिकवणी

८ जानेवारी, गुरुवार
सकाळी मार्केट यार्डात सभा, न सांगता औषधाच्या चाचणीत घेतलेल्या हमालांची. सुरुवात जमली: "न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवलेल्या माझ्या बांधवांनो, गोळी तुमच्या पोटात गेली, पण ती कसली हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ही आपली सगळ्यांची तक्रार आहे!" टाळ्या. संघटनेचा साळवे म्हणाला, "सर, धार अजून तशीच."

दुपारी मीच तसल्या दारात उभा. बायकोला, लताला, डॉ. आपटेबाईंकडे नेलं. विसरण्याच्या आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी तिथे चालू आहे. बाईंनी समजावलं ते असं: मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते पेशींवरच्या ज्या जागांवर जाऊन बसतं ते रिसेप्टर. त्यांचे बरेच प्रकार. त्यातला एक प्रकार गोळीने अडवून धरला, तर आठवणीला लागणारी दुसरी रसायनं वाढतील असा अंदाज. "अंदाज" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही कळत नाही.

आधी परीक्षा. वार, महिना, शंभरातून सात-सात वजा, तीन शब्द लक्षात ठेवणे. महापालिकेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई त्र्याण्णववर अडकली. कंदील, पेरू, सायकल यातलं एकही नाही. आजार फार पुढे गेलेल्यांना चाचणीत घेत नाहीत. लताला चार गुण कमी.

माझा चेहरा पाहून आपटेबाई म्हणाल्या, "आज दमल्यात त्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू."

११ जानेवारी, रविवार
शिकवणी सुरू. वक्तृत्व स्पर्धेला मुलं बसवायचो त्याच पद्धतीने, हातवाऱ्यांसकट. हात वर, कंदील. मूठ मिटली, पेरू. दोन्ही हात पुढे, सायकल. वजाबाक्या पाढ्यासारख्या चालीवर. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दिवेलागणीला एकदा.

लता हसते. "अहो, पेपर फुटलाय का?"
"फुटला नाही. आपण फोडलाय."
"असल्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करायची."
हे बरोबर आठवतं तिला.

१५ जानेवारी, गुरुवार
पास. दोन गुण वरच. आपटेबाई खूश. "बघा, खरंच दमल्या होत्या." मी मान डोलावली. तोंडाने काही बोललो नाही, तेव्हा खोटंही बोललो नाही, असं रिक्षात स्वतःला सांगत आलो.

संमतीपत्र मी वाचून दाखवलं, मोठ्याने, पानच्या पान. शेवटी विचारलं, घ्यायची ना गोळी? लता म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य बायकांच्या तोंडून जावं म्हणून मी गावोगाव घसा फोडला. आज त्याच वाक्यावर सही घेतली.

२ मार्च, सोमवार
गोळ्या चालू. चक्कर नाही, मळमळ नाही. काल प्रज्ञा वाघोलीहून आली होती, तिच्या आयटीतल्या शिफ्टमधून वेळ काढून. "बाबा, आई फ्रेश वाटतेय ना?" मलाही वाटतं. पण मला वाटण्याला काय किंमत! मला तर हवंच आहे तसं.

१६ एप्रिल, गुरुवार
तीन महिन्यांनंतरची परीक्षा. या वेळी काही पढवलं नव्हतं. आता आत तर गेलीच आहे, कशाला, म्हणून. गुण धाडकन खाली आले.

बाई गंभीर. "इतक्या थोड्या दिवसांत एवढी घसरण नुसत्या आजाराने सहसा होत नाही. गोळीचा परिणाम असू शकतो. तूर्त गोळी थांबवू. वर कळवावं लागेल. तुम्हाला घरी काय फरक दिसतो?"

"आठवून सांगतो," म्हटलं मी. इतक्या वर्षांत व्यासपीठावर एकदाही अडखळलो नाही.

१८ एप्रिल, शनिवार
साळवेचा फोन. वहिनी कशा आहेत, म्हणाला. गोळी बंद केली एवढंच सांगितलं. बाकी त्याने जुळवलं. "सर, याहून मोठा पुरावा कुठला? घरातलाच! पुढच्या रविवारी सभा लावतो. पेशंटच्या घरच्यांनाही बोलावतो."

बसलो आणि एका दमात भाषण लिहून काढलं. आजवरचं सगळ्यात चांगलं. वाचताना माझेच डोळे भरले. त्यात खोटं वाक्य एकच: "जानेवारीत माझी लता चांगली होती."

१९ एप्रिल, रविवार
प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती आधी भडकली. "बाबा, तुम्ही सुरुवातीचा आकडाच खोटा दिलात? आमच्याकडे टेस्टिंगमध्ये असं कोणी केलं तर त्याच दिवशी घरी पाठवतात." मग हळूच, "पण आता सांगू नका. आईला काढून टाकतील. गोळी थोडी जरी लागू पडत असली तर?"

ती ओरडत राहिली असती तर बरं झालं असतं.

औषध निर्दोष असलं तरी लताच्या नावावर त्याचा गुन्हा लागणार. उद्या ते सोडून दिलं गेलं तर कुणाकुणाची आई, कुणाचा नवरा... कंपन्या आकडे लपवतात म्हणून मी टेबलं बडवली. माझा आकडा कुठे आहे?

२१ एप्रिल, मंगळवार
सांगितलं. कंदील, पेरू, सायकल, हातवारे, सगळं.

आपटेबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, कॉलेजात असताना मी तुमची भाषणं ऐकायला यायचे." मग, "हे मला लिहून द्या." दिलं. चाचणीवर देखरेख करणारी समिती ठरवेल, लता चाचणीत राहणार की नाही.

निघताना विचारलं, गोळी खरी होती की पोकळ?
"मला माहीत नाही. आणि एक सांगते. त्यांचे पहिल्या दिवसाचे गुण आणि परवाचे गुण जवळपास सारखेच आहेत. याचा अर्थ काढू नका. मीही काढत नाही."

काढू नका म्हणे. जिना उतरेपर्यंत दहा वेळा काढला. गोळीने धरून ठेवलं असेल का? आणि ती आता माझ्यामुळे बंद...

२६ एप्रिल, रविवार
समितीचं अजून काही नाही. सकाळी चहानंतर लताने सवयीने हात पुढे केला. "गोळी?" आज नाही, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि हात तसाच ठेवला.

सभा झाली. लिहिलेलं भाषण नेलं नाही. साळवे मागून कुजबुजत होता, "सर, विषयावर या." न सांगता गोळी देणारे गुन्हेगारच, ते मी मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही. पण आधी माझं सांगितलं. टाळी नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला, नवऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा कळलं, शिकवणी घेणारा मी एकटा नाही. तिच्याकडे बघूनच शेवट केला:

"ज्यांच्या घरचं माणूस अशा चाचणीत आहे, त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि परीक्षेआधी घरी काय पाठ करून घेतलंत ते सांगा."