अतवाच्या भाताचा आणि दोन तलाकांचा खुलासा

मुक्काम अस्टोरिया, न्यूयॉर्क

आदरणीय हाजीदादा यांस,

धाकटे मेहुणे रिफअत यांचा सलाम, दुआ आणि वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. क्षेम किती आहे ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? कारखान्यातल्या नव्या करवतीचा आवाज वहिनींना अजून सहन होत नाही असं कळलं, त्यांनाही सलाम. फोन न करता पत्र का लिहितो, असं तुम्ही विचाराल. दादा, राग मानू नका, पण फोनवर आमचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचं बोलणं अख्ख्या दमियत शहराला ऐकू येतं. विषय जरा घरगुती आहे.

तुमच्या सूनबाईंनी तुम्हाला जो फोटो दाखवला, त्यातला पिवळा एप्रन बांधलेला, हातात कालथा धरलेला आणि नाकाला पांढरा सॉस लागलेला गृहस्थ मीच. मी नाकबूल करत नाही. सत्तावीस वर्षं ह्या शहरात टॅक्सी चालवली, पोलिसांनी थांबवलं तेव्हासुद्धा कधी 'तो मी नव्हेच' म्हटलं नाही. पण फोटोवरून तुम्ही जो निष्कर्ष काढला असेल (म्हणजे तुमची बहीण नईमा हिला मी एका चिकन-भातापायी तलाक दिला), तो चुकीचा आहे, आणि तो कसा चुकीचा आहे हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

गेल्या एप्रिलमध्ये तुमच्या गच्चीवर जेवणं झाली तो दिवस आठवा. बदक भरलेलं होतं, कांदा झणझणीत होता, आणि तुम्ही माझा डॉक्टरचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवलात. साखर इतकी, चरबी तितकी, हृदयात एक जाळी आधीच बसवलेली. तुम्ही म्हणालात, "तू सुधारणार नाहीस, रिफअत. त्या रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवरच मरशील." मला झोंबलं. पोटात बदक आणि डोक्यात राग असला की माणसाची जीभ कोणाच्या बापाची नसते. मी तिथल्या तिथे उभा राहून म्हणालो की पुढच्या वर्षीच्या मोठ्या ईदपर्यंत कुठल्याही गाडीवाल्याच्या हातचा घास खाल्ला तर नईमाला तलाक. नईमा ताटं उचलत होती, ती उचलतच राहिली. मला वाटलं तिने मनावर घेतलं नाही. चौतीस वर्षं संसार करून माझी अक्कल एवढीच.

शपथ मी पाळली, दादा. आठ महिने मी गाडीवरचा एक दाणा खाल्ला नाही. मात्र वास घ्यायचा नाही असं मी म्हणालो नव्हतो. म्हणून दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की मी लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर अतवाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहत असे. (अतवा म्हणजे आपल्या इजिप्तमधल्याच शर्कियाचा. तोच प्रांत, जिथल्या लोकांनी म्हणे एकदा अख्खी आगगाडी थांबवून उतारूंना जेवायला बसवलं होतं. तो मला दर वेळी चिडवतो की तुम्ही कंजूष दमियतवाले पाहुण्याला विचारता, जेवून झोपणार की हलक्या पोटाने?) आम्ही टॅक्सीवाल्यांनीच ही गाडी नावारूपाला आणली. आता तिथे सुटाबुटातली माणसं अर्धा-अर्धा तास रांगेत उभी असतात आणि आम्हालाच विचारतात की रांगेचा शेवट कुठे आहे. मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचो, तव्यावरच्या कोंबडीचा, जिऱ्याचा, पिवळ्या भाताचा वास पोटभर घ्यायचो आणि घरी जाऊन नईमाची उकडलेली दोडकी खायचो. दोडक्यांबद्दल माझी तक्रार नाही. दोडकीही अल्लाहनेच केली आहेत.

तर त्या शुक्रवारी, डिसेंबरच्या बोचऱ्या थंडीत, मी कोपऱ्यावर पोचतो तो अतवा गाडीतून बाहेर येऊन येईल त्याला मिठ्या मारतोय. पंधरा वर्षं वाट पाहिल्यावर गाडीचा परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर झाला होता. इतकी वर्षं दुसऱ्याच्या परवान्यावर उभा असलेला माणूस, दादा, त्या दिवशी आपल्या जागेवर उभा होता. त्याचे डोळे भरलेले पाहून माझेही भरले. मी त्याच्या गालाची पापी घेतली, मुबारक म्हटलं आणि निघालो. तर ह्याने माझी बाही धरली. म्हणे आज खाल्ल्याशिवाय जायचं नाही. मी म्हटलं, साखर आहे. म्हणे, आज नाही. मी म्हटलं, डॉक्टर आहे. म्हणे, त्यालाही बोलाव. मी शपथेचं सांगणार एवढ्यात त्याच्यातला शर्किया जागा झाला आणि चाळीस माणसांच्या रांगेसमोर तो ओरडला, "माझा भात खाल्ल्याशिवाय हा कोपरा सोडलास, तर माझ्या बायकोला तलाक."

झालं. आता मी खाल्लं तर तुमची बहीण गेली, आणि नाही खाल्लं तर त्याची बायको. अतवाला माझी शपथ सांगितली तेव्हा त्याचा चेहरा थंड पडलेल्या पावासारखा झाला. त्याची बायको साधी बाई नव्हे, दादा. तो पांढरा सॉस, ज्याच्यासाठी ही सगळी रांग उभी असते, तो ती रोज पहाटे घरी स्वतः घुसळते आणि त्यात काय घालते ते नवऱ्यालाही सांगत नाही. ही बातमी रांगेत मागे मागे गेली. मागून एक बाई काकुळतीने विचारू लागली की सॉस आज तरी मिळणार ना.

मी कोपऱ्यावर उभा. जाता येईना, खाता येईना. पाच मिनिटं झाली, वीस झाली. साखरेच्या माणसाला थंडीत किती वेळ उभं राहता येतं हे तुम्हाला सांगायला नको (तुमचाही कागद मी वाचला आहे). समोरच्या इमारतीत लघवीची सोय होती, पण तिथे जाणं म्हणजे कोपरा सोडणं. रांगेतला प्रत्येकजण सल्ला देऊ लागला. मोतालेब म्हणून बांगलादेशचा टॅक्सीवाला आहे, तो म्हणाला, "काका, तुम्ही नुसता भात हुंगा आणि थोडा गिळा, गिळणं म्हणजे खाणं नव्हे." मी त्याला म्हटलं, "तू टॅक्सी चालव बाबा, धर्म चालवू नकोस." अतवा कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता आणि तव्यावर कोंबडी करपत होती.

शेवटी रांगेत नवव्या नंबरावर उभे असलेले शेख तल्बा पुढे आले. हे आमच्या मशिदीचे इमाम. आताच तासभर संयमावर प्रवचन देऊन आले होते आणि भुकेने त्यांची दाढीसुद्धा उतरलेली दिसत होती. मागच्या माणसाला "माझा नंबर बघा हं" असं दोनदा बजावून ते आमच्यापाशी आले. मला म्हणाले, "तू नेमकं काय बोललास? मनातलं नको, तोंडातलं सांग." मी सांगितलं, कुठल्याही गाडीवाल्याच्या हातचा घास. शेखांची नजर तव्यावर गेली. मग म्हणाले, "मग गाडीवाल्याच्या हातचा खाऊ नकोस. आत जा, स्वतः वाढून घे, स्वतःच्या हातचा खा. त्याची शपथ राहील, तुझीही राहील. आणि जरा लवकर."

अतवा मला पाठीमागून ढकलत गाडीत घालू लागला. (त्या गाडीत एका वेळी एकच पोट मावतं, म्हणून तो बाहेर आणि मी आत.) आधी समोरच्या इमारतीचा प्रश्न होता, पण आता कोपऱ्याची शपथ सुटायला घासभर अंतर होतं, म्हणून मी दात-ओठ खाऊन तग धरला. एप्रन बांधला, कालथा घेतला, थाळीत भात घातला, कोंबडी घातली, दोन घास उभ्या उभ्या पोटात टाकले. दादा, खोटं बोलत नाही, आठ महिन्यांनी तो पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शपथ सुटली. मी पळत समोर जाऊन मोकळा होऊन आलो आणि उरलेली थाळी संपवायला परत आत शिरलो. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "एक चिकन-भात, पांढरा जास्त."

आता सांगा, दारात आलेल्या भुकेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? अतवा तर बाहेर लोकांना चहा वाटण्यात आणि तिसऱ्यांदा त्याच माणसांना मिठ्या मारण्यात गुंतलेला. मी वाढलं. मग दुसऱ्याला वाढलं. बघता बघता मी तीसेक लोकांना वाढलं. लाल बाटलीत टोमॅटोचा सॉस आहे असं समजून मी पहिल्या तिघांना सढळ हाताने घातला. ती मिरची निघाली. त्यातला एक सूटवाला अजून कोपऱ्यावर रडत असेल. त्यानंतर मी मान खाली घालून फक्त थाळीकडे बघत वाढलं, चूक होऊ नये म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांत एकच शहाणं भेटलं. कोणी बाई होती. लोकरीचा हातमोजा घातलेलं बोट तेवढं पुढे आलं, अवाक्षर न बोलता पांढऱ्या बाटलीकडे तीनदा दाखवलं, लाल बाटलीला नाही म्हणून हललं. मी विचारलं, "भात अजून हवा?" बोट वर झालं. मी आणखी घातला. असं गिऱ्हाईक मिळालं तर मी ह्या वयात धंदा सुरू करीन. फोटो नेमका तेव्हाच कोणी तरी काढला.

रांग संपल्यावर शेख तल्बा तोंडात घास ठेवून मला म्हणाले की तसं बघितलं तर दोन्ही तलाक झालेच नसते. नुसतं स्वतःला किंवा दुसऱ्याला अडवण्यासाठी जीभ सैल सोडली तर बायको जात नाही, दहा गरजूंना जेवू घालायचं आणि पुन्हा असं बोलायचं नाही. मी म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तू त्यावर वाद घातला असतास. मी नववा होतो." दुसऱ्या दिवशी अतवाने आणि मी मिळून वीस थाळ्या निवाऱ्यातल्या माणसांना नेऊन दिल्या. त्यांनीही पांढरा जास्तच मागितला.

असा मी आनंदात घरी आलो, तर नईमा नाही. टेबलावर चिठ्ठी: "शाहिनाजकडे जाते. मी लग्नाची आहे की नाही ते दादा सांगेल तेव्हा येईन." शाहिनाजने, म्हणजे आमच्या लेकीने, फोनवर सांगितलं की आई म्हणते, शेखच्या निकालाला सॉसचा वास येतोय. आणि असंही म्हणते की बाबांनी मला भाताच्या थाळीवर पणाला लावलं, दोनदा विचार न करता.

आज नऊ दिवस झाले. घरात भांडी वाजत नाहीत. रेडिओ मी लावतो आणि मीच बंद करतो. काल दोडकी उकडायला गेलो, ती जळली. खरं सांगतो, त्या गच्चीवर मी जे बोललो ते परत गिळता आलं असतं तर बदकासकट गिळलं असतं. मला तिची फार आठवण येते. ती नसली की माझी साखरसुद्धा मला सोबत देत नाही, कमी झाली आहे. तेव्हा माझी एकच विनंती: सूनबाईंकरवी नईमाला कळवा की शपथ मोडलेली नाही आणि तिने घरी यावं. तुमचं ती ऐकते.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला अपराधी,
रिफअत

ता. क. : कळवताना फोनवर नका कळवू, वरचं कारण लक्षात असू द्या.

ता. क. २ : शपथेचं प्रायश्चित्त झाल्यामुळे आता शपथ उरलेली नाही, असं शेख म्हणतात. म्हणून ह्या नऊ दिवसांत मी अतवाकडे चारदा जेवलो. हे नईमाला कळवू नका.

ता. क. ३ : दादा, मी नईमा. ह्यांनी पत्र टपालात टाकायला शाहिनाजकडे दिलं, तिने ते माझ्याकडे दिलं. चारदा नव्हे, सहादा जेवलेत. अतवाच्या बायकोने मला सांगितलं.

तलाक झालेला नाही हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी रागावले ते गच्चीवरच्या बोलण्यावर, आणि तो राग खरा होता. पण तो फोटो पुन्हा काढून नीट बघ. खिडकीसमोर हिरव्या रुमालाची, लोकरी हातमोज्यातली जी बाई पाठमोरी उभी आहे, ती मी. हे खात नाहीत म्हणून घरी त्यांच्यासमोर खायला जीव होईना, म्हणून आठ महिने दर शुक्रवारी ते निघून गेल्यावर मी तिथे जाऊन जेवत होते आणि येताना पुदिना चघळत होते. त्या दिवशी ते निघालेच नाहीत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मला हाताने वाढलं, भात अजून हवा का विचारलं, आणि मान वर करून बघितलं नाही.

मी वुडसाइडला आहे, म्हणजे ह्यांच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. मला परत बोलवायला ह्यांनी पत्र इजिप्तला पाठवलं. तू त्यांना दोनच ओळी लिही. ह्या ओळी मिळाल्यावरच्या शुक्रवारी अतवाला सांगून पुन्हा एप्रन बांध म्हणावं, मी रांगेत असेन. आणि ह्या वेळी वर बघ म्हणावं.