मला हे विचारू नका

कुवेंपुनगर, मैसूर
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सोयराआत्यास कीर्तनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायचं तू मनावर घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझं काम काय, विचारलं होतंस. कडकोळच्या कारखान्यांना जेवण पुरवणारे एक मालक आहेत. उद्या किती माणसं जेवतील याचा अंदाज बांधणारी संगणकावरची कितीतरी मॉडेलं त्यांच्याकडे पडून आहेत. कुणी पावसाळ्यासाठी केलंय, कुणी रात्रपाळीसाठी. कुठलं कधी वापरायचं हे आता कुणालाच आठवत नाही. ती सगळी एका जागी नीट लावायची आणि प्रश्न आला की त्यातलं योग्य मॉडेल पुढं काढायचं, अशी प्रणाली आम्ही बांधतोय. लवकरच मालक बघायला येणार. नको म्हणाले तर आमची टीम मोडेल आणि मला हैदराबादला जावं लागेल. अप्पा इथं एकटे कसे राहतील, या विचारानं घास उतरत नाही.

सराव म्हणून आपल्या विठ्ठल मंदिरातल्या उत्सवांचे आकडे त्यात घातले आणि कार्तिकी एकादशीचा अंदाज मागितला. दोन पोती तांदूळ, असं उत्तर आलं. अप्पांनी मागवलेसुद्धा. देवळात सगळ्यांना सांगत सुटलेत.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर ठेवून घेईन.

तुझी कीर्तना

सोसले
२८ ऑक्टोबर

चि. कीर्तनास अनेक आशीर्वाद.

अय्यो कीर्ते, एकादशीला भात कोण खातं गं? नामदेव शिंप्यांच्या घरात जन्मून एकादशीला देवळात तांदूळ आणवणारी तू पहिलीच. इतकी हसले की सुईत दोरा जाईना.

तुझा अप्पा नागराज तर कैक वर्षं देवळाचं स्वयंपाकघर सांभाळतो. त्याला कळलं नसेल होय? कळलं असेल, पण लेकीचं चुकलं म्हणायला जीभ रेटली नसेल. वहिनी गेल्यापासून तो तुला कशालाच नाही म्हणत नाही.

तांदूळ परत करू नका, द्वादशीला पारण्याला लागतील. पण मालकासमोर असं झालं तर हैदराबाद ठरलेलंच, बघ बाई. 

आत्याची माया आहेच, तू फक्त वेळेवर जेव.

सोयराबाई

मैसूर
१४ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग हसू. अप्पांना विचारलं तर म्हणाले, गोत्तु, माहीत होतं, पण तू किती आनंदात होतीस. तांदूळ द्वादशीला संपले. पंगतीत देवळातले येसाजीराव भात मागताना दर वेळी माझंच नाव घेत होते.

चूक अशी झाली की त्या मॉडेलला फक्त वर्धापनदिनासारखे जेवणावळीचे उत्सव ठाऊक होते. उपास त्यानं कधी बघितलाच नव्हता, तरी छाती ठोकून उत्तर दिलं. मग आम्ही प्रत्येक मॉडेलला चिठ्ठी जोडली: मला अमुक कळतं, तमुक विचारू नका.

परवा मालक आले. त्यांनी मुद्दामच विचारलं, ग्रहणाच्या रात्री पाळीवरचे किती जण जेवतील. पडद्यावर उत्तर आलं, हे इथं कुणालाच माहीत नाही, माणसाला विचारा. आमच्या टीमच्या विक्रांतसरांचा चेहराच उतरला. मालक मात्र म्हणाले, आजवर सगळ्यांनी आकडेच दिले आणि मी भात फेकत बसलो, नाही म्हणणारं हे पहिलंच. काम आम्हालाच मिळालं.

हैदराबाद रद्द झालं, हे सांगितल्यावर अप्पांनी उठून चहा ठेवला आणि साखर घालायला ते विसरले. तो तसाच पिताना म्हणाले, तू निघाली असतीस तरी जाऊ नको म्हणायला मला जमलं नसतं.

तुझा लोभ आम्हा दोघांनाही लागतो, हे असू दे ध्यानात.

तुझी कीर्तना