सीलबंद पेटीची मागची बाजू

१४-२-५६
बसनं हाडं खिळखिळी. जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात साग-लिलावाची बातमी घ्यायला गेलो, हाती लागली निराळीच. रेंजरसाहेबांच्या हातोड्याचा शिक्का उमटल्याशिवाय झाड तोडायचं नाही, हे इथलं ब्रह्मवाक्य. हातोडा सागवानी पेटीत; पुढे कुलूप, वर लाखेचं सील, किल्ली साहेबांच्या जानव्याला. नाकेदार, म्हणजे इथला वनरक्षक, मडावीनं पेटी फिरवली, चाकूच्या टोकानं बिजागरीचे स्क्रू काढले, झाकण मागून उचललं. सील जागच्या जागी!
"पाह्यलं भाऊ? या खोलीत जो आला, तो साहेब झाला."
जंगलात नऊ साग पडलेत. तोडीच्या यादीत नाहीत, पण बुंध्यांवर शिक्का अस्सल. साहेब तेव्हा दौऱ्यावर.

१५-२
साहेबांना बिजागरीचं सांगितलं. मडावीचं नाव गाळून. लगेच पटलं. उपाय: आणखी एक सील. तेही पुढेच.
"अन् मागून?"
"मागून कोन उघडते, पंडितजी? तशी पद्धतच नाई आपल्या इथी."
यावर शास्त्रार्थ काय करणार. चहा प्यालो.

१७-२
बातमी लिहिली, पाकिटात घातली, टपालात टाकली नाही. पेट्या सगळ्या एकाच सुताराच्या, प्रत्येक रेंजला हीच बिजागरी. छापलं तर उद्या घरोघर चाकूंना धार. न छापलं तर चौकशी मडावीवर शेकणार. दौऱ्याच्या दिवसांत ऑफिस राखायला तोच होता.
पाठशाळेत धर्मसंकट शिकवलं. बाहेर कसं पडायचं, ते बहुधा पुढच्या वर्गात होतं. मी तोवर सोडली.

२०-२
मडावी आला. हातात नोटीस, खाली साहेबांची सही. प्रश्न एकच: बिजागरीचं तुला कसं कळलं? नाव गाळून काय झालं? त्या दिवशी ऑफिसात मला भेटलं होतं दुसरं कोण! शहाणा मी.
"उघडून पाह्यली म्हनलं त मी चोर. नाई म्हनलं त खोटा. उत्तर तुमीच लिवून द्या, भाऊ. नोकरी गेली त घरी काय सांगू?"
"साहेबांना आधी बोलला होतास?"
"दिवाळीतच बोललो. तोंडी. हसले."
तेवढं लिहिलं. खाली साक्षीदाराची ओळ.
"तुमचं नाव टाका."
"अरे, दिवाळीत मी इथे नव्हतोच."
"साहेबाले थोडंच आठवते."
लेखणी खाली ठेवली. ओळ कोरी. उत्तराला उद्या दुपारपर्यंत मुदत...