पऱ्हाटीचं यंत्र आणि करातली सूट

तेलगाव,
ता. ४ डिसेंबर २०२५

चि. राजनंदिनीस सुंदरकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन करावा तर तुझी काकू समोर, आणि व्हॉट्सअॅप ती माझ्याआधी वाचते. कंपनीच्या कराचं काम यंदा तू घेतलंस, आनंद झाला. पण एक अडचण आहे.

पेरणीयंत्रं विकून कंपनी कमावते आणि पऱ्हाटी उपटायचं आपलं यंत्र ते खातं. दहा वर्षं झाली, अजून ते कापूस वेचून झाल्यावर रानात उभी राहिलेली निम्मी पऱ्हाटी उपटतं, निम्मी मोडतं. काकू विचारायची, यात पैसा काहून घालता. मी सांगायचो, आपल्या प्रयोगाच्या शेडला दिल्लीची मान्यता हाय, संशोधनावर शंभर घातले की सरकार उत्पन्नातून दोनशे वजा धरतं. तेव्हा ते खरंच होतं. पुढे दोनशेचे दीडशे झाले आणि २०२० पासून शंभराचे शंभरच. हे मात्र तिला बोललो नाही. कळलं तर शेड रिकामी करून ती पेव्हर ब्लॉकचा धंदा टाकेल. तिचा भाऊ धर्मराज ब्लॉकच्या मशीनचा भाव काढून बसलाय.

संक्रांतीला येशील तेव्हा विषय निघाला तर दोनशेच सांग. जिभेवर ताबा आणि काकावर लोभ ठेव.

तुझा
सुंदरकाका

छत्रपती संभाजीनगर,
ता. ९ डिसेंबर २०२५

ती. सुंदरकाकांना राजनंदिनीचा सा. नमस्कार. वि. वि.

खोटं बोलणार नाही, काका. फार तर तोंडात तिळगूळ धरून गप्प बसेन.

मला वेगळंच कोडं पडलंय. सूट आटली तसा माझ्या ओळखीच्या दोन कारखानदारांनी प्रयोगांवरचा हात आखडता घेतला. तुम्ही खर्च वाढवलात. म्हणजे तुम्ही करसवलतीसाठी करत नव्हताच. मग कशासाठी करता, ते काकूंना सरळ सांगा ना.

काकूंना नमस्कार. रागावला असाल तरी आशीर्वाद कमी करू नका.

आपली
राजनंदिनी

तेलगाव,
ता. १५ डिसेंबर २०२५

चि. राजनंदिनीस वनमालाकाकूचे आशीर्वाद.

काकांना आलेलं तुझं पत्र मी फोडलं, वाचलं आणि डिंकानं चिकटवून टेबलावर ठेवलं.

कंपनीला दोन संचालक लागतात म्हणून यांनी मला नावापुरतं संचालक केलं. दरवर्षी सही कर म्हणतात आणि स्वतः न वाचता करतात. मी वाचते. अडलं की जुन्या करसल्लागारांना विचारते. सूट गेल्याचं मला त्याच वर्षी कळलं होतं.

बोलले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात पऱ्हाटी उपटून माझे तळहात सोलले होते. हळद-तेल लावताना हे म्हणाले होते, याला कायतरी यंत्र पायजेच. बायकोच्या हातांसाठी लोखंड झिजवतो म्हटलं तर गाव हसेल, करासाठी म्हटलं की माणूस हुशार ठरतो. मला त्यांचं फार कौतुक आहे गं. तोंडावर बोलायची आमच्यात रीत नाही इतकंच. धर्मराजचा धाक मीच घालते, त्याशिवाय यांचा हात चालत नाही.

पण एकट्यानं हे व्हायचं नाही. म्हणून यंदा ठराव मी लिहिला: पऱ्हाटीच्या यंत्रासाठी एक शिकलेली इंजिनिअर मुलगी नेमायची, आणि शेडमध्ये तिचा शब्द शेवटचा. काल यांच्यापुढे ठेवला. चहा पिता पिता सही केली त्यांनी.

ती मुलगी संक्रांतीनंतर हजर होते. तोवर त्यांना कळू देऊ नकोस, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
वनमालाकाकू