काळजी नसावी

माय, तुझ्याकडे एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, कारण जिवंत माणसांपैकी कोणाला ती ऐकायला वेळ नाही. गेले तीन महिने माझ्या फोनवर गोंदियातल्या एकवीस लेकरांच्या शी-शूची वर्दी येते. एकवीसही परकी. मी पन्नाशी ओलांडलेला, वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून पोट भरणारा माणूस. सकाळी एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाची साल काढायला बसावं, तर टिंग, 'बाळाचे पोट साफ झाले.' इतका छळ कुठल्या लेखकाने सोसला नसेल. बरं, ओरडायचीही सोय नाही, कारण ते वाक्य मीच लिहिलेलं आहे.

ताईची पोरगी, तुझी नात, पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि तिने पाळणाघरांसाठी मोबाईल ॲप काढलं. नोकरीवर गेलेल्या आईबापांना लेकराची दिवसभराची खबर फोनवर मिळावी म्हणून. पहिलं गिऱ्हाईक गावातलंच एक पाळणाघर. तिथल्या मावशीला लिहिण्याचा सराव नाही, म्हणून फोनवर चित्रं ठेवली: वाटी, पाळणा, थर्मामीटर. चित्र दाबलं की तयार वाक्य आईबापांना जातं. वाक्यं लिहायला मामा. "मामा, एकदम सॉफ्ट लिहा हं. पॅरेंट्स ऑलरेडी टेन्शनमध्ये असतात." मी जन्मात मऊ लिहिलं नाही, पण भाचीपुढे माणूस विरघळतो. थर्मामीटरसाठी मी लिहिलं, 'बाळाला किंचित कणकण आहे. काळजी नसावी.' तिला ते इतकं आवडलं की तिने दोनदा मोठ्याने वाचलं. पाळणाघराच्या मालकीणबाईंनी वर नियम केला: ऑफिसच्या वेळात आईबापांना फोन करायचा नाही, सगळं ॲपवरून. मी त्यालाही मान डोलावली. चाचणीसाठी माझा नंबर सगळ्याच लेकरांचा पालक म्हणून घातला होता, तो काढायचा राहून गेला.

मागच्या मंगळवारी दुपारी टिंग झालं. किंचित कणकण, काळजी नसावी. लगेच पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मी भाचीला फोन करून म्हटलं, "बाई, तुझं ॲप अडकलं, एकच रेकॉर्ड वाजवून राहिलं." ती म्हणाली, नेटवर्क असेल, बघते. ज्या लेकराचा हा निरोप, त्याची आई बँकेत काउंटरवर बसते. तिनेही तिन्ही निरोप पाहिले, तिलाही फोन हँग झाल्यासारखाच वाटला, आणि तिने तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पाऊण तासाने मावशी लेकराला ओल्या फडक्यात गुंडाळून, बाकीच्या वीस पोरांना स्वयंपाकाच्या बाईवर सोडून, ई-रिक्षाने बँकेत आली. रांग मोडून थेट काउंटरपाशी. तिथेच त्या लेकराला तापाचा झटका आला.

लेकरू आता घरी आहे, बरं आहे. मावशीला मात्र मालकीणबाईंनी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. कारण काय, तर निरोप 'काळजी नसावी' असा दिला, आणि वीस पोरं सोडून गेल्या.

तेव्हापासून मला भाताच्या रोवणीच्या दिवसांतली तू दिसतेस. नवेगाव बांधाकडचं आपलं गाव, बाया भाताच्या बांधीत वाकलेल्या, त्यांची लेकरं तुझ्या बालवाडीत. साधं काही असलं की तू कडेच्या धुऱ्यावरूनच हाळी देतेस, "अवं, तुया पोट्ट्यानं आज भात नाई खाल्ला व." बाया हसतात, हात थांबत नाहीत. पण एखाद्या दिवशी तू काही न बोलता चप्पल धुऱ्यावर काढतेस, लुगडं वर खोचतेस आणि चिखलात पाय घालतेस. तू कोणाकडे निघालीस हे कळायच्या आधीच सगळ्या बाया ताठ उभ्या राहतात. जिच्याकडे वळतेस तिच्या हातातली रोपांची, पऱ्ह्यांची जुडी सुटते आणि ती पळायला लागते. काय झालं ते तू तिला वाटेत सांगतेस. पुढे मी तुझ्या त्या चिखलाच्या पायांवर एक विनोदी लेख लिहिला. गोंदियात लोकांनी फार वाखाणला. तू तो वाचून घडी घातलीस आणि म्हणालीस, "चांगला लिवलास. मी बी हासली. पन त्या बाया नसत्या हासल्या." मला वाटलं, माझ्या आईला विनोद कळत नाही.

शुक्रवारी मावशीला फोन केला. ती दवनीवाड्याची. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तीन खेपा दाबलं जी मी. मानूस तीन खेपा हाक मारते तं उगीच मारते का?" मी म्हटलं, मावशी, वाक्य माझं होतं. ती म्हणाली, "मंग तुमाले दुसरं नाई सुचलं का?" इतकी वर्षं लोकांना निरुत्तर करत आलो, माय. फोन ठेवला आणि भाचीला लावला.

भाचीने एका रात्रीत 'ताबडतोब या' सांगणारं लाल बटण बसवलं. मालकीणबाई म्हणाल्या, बटण छान आहे, पण नवी बाई ठेवून झाली. मी रविवारी त्या लेकराच्या आईकडे गेलो. लेकरू तिच्या मांडीवर बिस्कीट चोखत होतं. सांगितलं, वाक्य माझं. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "भैया, पण बटन तर त्यांनीच दाबलं ना?" म्हटलं, दुसरं नव्हतंच, म्हणून तर तीनदा दाबलं. तिने लेकराच्या हनुवटीवरचा बिस्किटाचा चुरा पुसला. मग म्हणाली, "मला वाटलं हँग झालं." मी म्हटलं, मलाही. ती मालकीणबाईंशी बोलली, माझ्यासमोरच, दोनदा. काही झालं नाही. मावशी आता दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाते, आणि मी तिच्यासाठी काय करू शकतो, तर तुला पत्र लिहू शकतो, जे तुला पोचणार नाही.

त्या दिवशी निघताना लेकराच्या आईने विचारलं, "तुम्ही कायले इतकं मनाला लावून घेऊन राहिले? मावशी तुमच्या कोण लागतात?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माझी आई बालवाडीत अशीच मावशी होती."

 तिला काय ठाऊक, हे मी पहिल्यांदाच बोललो. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत, सत्काराच्या भाषणांत, पुस्तकाच्या मलपृष्ठावर मी तुला शिक्षिकाच लिहीत आलो. तू गेलीस तेव्हा पेपरातल्या बातमीत 'निवृत्त शिक्षिका' हेही मीच घालायला सांगितलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून चालून गेलं.